बेचाळिसाव्या मिनिटाला चष्मा

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ७.१०
कपाटवाली येणार! पत्र आलं. खुद्द तिचं, निळ्या शाईतलं!

आमच्या भयपट रसिक मंडळातर्फे (सभासद अकरा, अध्यक्ष मी) ‘कपाटात कोण?’ या अजरामर सिनेमाची चाळिशी रविवारी तेवीस तारखेला वाचनालयाच्या हॉलमध्ये साजरी होतेय. त्यात कपाटातून बाहेर येणारी ती हीच. गाडी पाठवू नका, माझी मी येईन, असं लिहिलंय. केवढा साधेपणा! तिने अकरा सिनेमे केले. कपाट अकराही सिनेमांत एकच, दिग्दर्शकाच्या मावशीचं. विग दोन. मला सगळं पाठ आहे.

बायकोला पत्र वाचून दाखवलं. बरं, म्हणाली, आणि आज कुठला शर्ट काढून देऊ ते विचारलं. बेडरूमच्या कपाटातून शर्ट तीच काढते. लग्नापासून. कामाची वाटणी आहे, बाकी काही नाही.

संकल्प: भाषण पाठ करणे. सिनेमा पुन्हा एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत, चष्मा न पुसता बघणे.

५ फेब्रुवारी, बुधवार
मंडळाची मीटिंग. आमचा सेक्रेटरी दातांचा डॉक्टर आहे आणि माझ्या खुर्चीवर त्याचा डोळा आहे. सगळ्यांसमोर मुद्दाम विचारलं, कपाटवाली बाहेर येते तेव्हा दार डावं उघडतं की उजवं? मी म्हणालो, असल्या बारीकसारीक गोष्टींत सच्चा रसिक अडकत नाही. सगळे गप्प झाले. भारावले असावेत.

मग म्हणाला, पोस्टरवर बाईंचा नुसता हात आहे, मेकअपशिवाय फोटो कुणाकडे नाही, तर दारात त्यांना ओळखणार कोण? मी छाती ठोकून सांगितलं, हजारांत ओळखेन. नाही ओळखलं तर अध्यक्षपद सोडेन! टाळ्या पडल्या. डॉक्टरने ते वाक्य इतिवृत्तात लिहून घेतलं. अक्षर एरवी वाचता येत नाही त्याचं, आज मोत्यासारखं होतं.

९ फेब्रुवारी, रविवार. दुपारी १.४५
सिनेमा लावला. भर दुपारी, पडदे उघडे ठेवून. रंग नीट दिसतात. कन्या (वय चौदा, जीभ चाळीस) म्हणाली, बाबा, उन्हामुळे टीव्हीवर फक्त आपला सोफा दिसतोय.

बेचाळिसाव्या मिनिटापर्यंत उत्तम. तिथे कपाट करकरतं. नेमका तेव्हाच चष्म्यावर डाग दिसला. पुसला. नीट पुसायला साडेतीन मिनिटं लागतातच. कन्येने विचारलं, डाग दरवेळी तिथेच कसा पडतो? काचा जुन्या झाल्यात, दुसरं काय.

१२ फेब्रुवारी, बुधवार
काचा बदलल्या.

ऑफिसात (वॉशिंग मशीन सर्व्हिस सेंटर, तक्रार विभाग) एका बाईंचा फोन. मशीन बंद असलं तरी आतून आवाज येतो, कुणी बसल्यासारखा. मी सांगितलं, काही झालं तरी दार उघडू नका. साहेब मागेच उभे होते. हा सल्ला मॅन्युअलच्या कितव्या पानावर आहे, असं त्यांनी विचारलं. काही लोकांना कलेची आवडच नसते.

१६ फेब्रुवारी, रविवार
दुसरा प्रयत्न. एक्केचाळिसाव्या मिनिटाला आठवलं, गॅस चालू राहिलाय. नव्हता. पण खात्री केलेली बरी. तीनदा केली.

परत आलो तर बायको मटार सोलत निवांत बघत बसलेली. म्हणाली, किती गोड मान वळवते हो ही बाई. गोड! हिला भयपटातलं ओ की ठो कळत नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार
तिसरा प्रयत्न रद्द. उद्या तिला प्रत्यक्षच बघायचंय, डोळ्यांना विश्रांती हवी.

भाषण मात्र फक्कड झालंय. पहिलं वाक्य: आपल्या डोळ्यांतली ती आग मी आजवर विसरू शकलो नाही. कन्येला वाचून दाखवलं. म्हणाली, पण तिचे डोळे तर मिटलेले असतात. पोरगी वात्रट आहे. वाक्य खोडलं.

२३ फेब्रुवारी, रविवार. दुपारी २.४०
हॉलच्या दारात उभ्याउभ्या लिहितोय. हातात फुलं.

आत्ताच एक आजीबाई आल्या. स्वेटर, विणकामाची पिशवी, वाट चुकल्यासारखा चेहरा. हॉल हाच का, म्हणाल्या. मी प्रेमाने समजावलं, आजी, हा सिनेमा तुम्हाला झेपायचा नाही. बसायचंच असेल तर बेचाळिसाव्या मिनिटाला डोळे मिटून घ्या. त्यांनी विचारलं, तुम्ही काय करता? मी चष्मा पुसतो, असं तोंडातून निघून गेलं. का, कोण जाणे. त्यांना शेवटच्या रांगेत दाराजवळ बसवलं, म्हणजे पटकन बाहेर पडता येईल. कोण करतं एवढं हल्ली?

३.००. कपाटवालीचा पत्ता नाही.

३.२०. आली! उंच, पांढरीफटक, केस मोकळे. फुलं घेऊन धावलो. ती शेजारच्या दवाखान्यात निघाली होती. ताप होता.

३.३०. आत प्रचंड टाळ्या. मी बाहेर असताना कशाला?

त्याच दिवशी, संध्याकाळी ७.००
झालं ते असं. बायको हॉलमध्ये शिरली. शेवटच्या रांगेतल्या आजींनी मान वळवून बघितलं. आणि बायको किंचाळली, अगं बाई, कपाटवाली!

मी पोचेपर्यंत आजी स्टेजवर. म्हणाल्या, अध्यक्षांनी दारातच बजावलंय की हा सिनेमा मला झेपायचा नाही. हॉल हसून लोटपोट. डॉक्टरने खिशातून इतिवृत्त काढलं. धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं.

सिनेमा सुरू झाला तशा आजी उतरून माझ्या शेजारी येऊन बसल्या. बेचाळिसावं मिनिट. करकर. लोक खो खो हसताहेत. विगची पिन दिसते म्हणे, कपाटात मागे कुणाचा तरी चहाचा कप राहिलाय म्हणे. हे मला आजच कळलं. मी चष्मा पुसायला गेलो तर हात मोकळा नव्हता. आजींच्या स्वेटरची बाही मुठीत गच्च धरली होती.

आजींनी हळूच विचारलं, खरंच घाबरलात? मी म्हणालो, काचांचा प्रॉब्लेम आहे. असू दे, म्हणाल्या. मग म्हणाल्या, चाळीस वर्षं लोक मला बघून हसतात. प्रेमानेच हसतात, तक्रार नाही. पण मी हसवायला शिरले नव्हते हो त्या कपाटात. मला वाटायचं, माझं काम फसलंच. घाबरलेला माणूस आज पहिल्यांदा बघितला.

त्यांनी डोळे पुसले. मलाही भरून आलं, खोटं कशाला लिहू. दार कुठलं ते शेवटी विचारून घेतलं. उजवं. डावं फुगून बसलं होतं.

२४ फेब्रुवारी, सोमवार
सकाळीच मंडळाच्या मीटिंगमध्ये राजीनामा दिला. डॉक्टर नवा शर्ट घालून आला होता, पण आजींना ओळखल्याबद्दल बायकोची एकमताने अध्यक्षपदी निवड झाली. अनुमोदन मी दिलं. डॉक्टरचं तोंड बघण्यासारखं होतं.

आजींनी मोठा फोटो पाठवलाय. पूर्ण मेकअपमध्ये, खाली सही: माझ्या एकमेव खऱ्या प्रेक्षकाला. असा मान जगात कुणाला मिळाला नसेल! घरात योग्य जागी लाव, असं बायकोला सांगून ऑफिसला गेलो.

संध्याकाळी आलो तर लावला होता. बेडरूमच्या कपाटावर. उजव्या दाराला.

अध्यक्षीणबाईंना आता मंडळाची कामं असतात. यापुढे ज्याने त्याने आपापला शर्ट काढायचा, असं त्यांनी जाहीर केलं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार
ऑफिसला कालचाच शर्ट घालून गेलो. मुळीच मळलेला वाटत नाही.

२६ फेब्रुवारी, बुधवार
तोच शर्ट. साहेबांनी खुर्ची जरा लांब घेतली. कापड उत्तम आहे, आठवडा सहज निघेल.