कावळ्याचे पाय

मांडवी. रविवार, आईचा दहावा, संध्याकाळ.

विज्ञान मानणाऱ्या मित्रांनो, घरातलं माणूस गेलं की आपल्याला बोलू देत नाहीत, ही आपली जुनी तक्रार. आज उलट झालं. सगळे बोल म्हणत होते आणि मी गप्प.

कावळा पिंडाजवळ आला, पण शिवेना. दादा म्हणाला, "आईचा जीव कुसुममध्ये अडकलाय. धाकट्या बहिणीला सांभाळीन म्हण की रे! सभा गाजवतोस, आणि एवढं निघत नाही तोंडातून?"

मी कावळ्याचे पाय बघत होतो. खवले, पुढे तीन बोटं. डायनासोरचा वंशज हा, त्याला काय शब्द द्यायचा? आईला हे सांगितलं तेव्हा ती हसली होती. "म्हणजे माझ्या पिंडाला तुझा डायनासोर शिवायचा!"

कावळा उडाला. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. कुसुम नुसती माझ्याकडे बघत राहिली. मला रडू नाही, रागही नाही. डोळ्यांपुढे फक्त ते खवल्यांचे पाय.

कावळ्याशी बोललो नाही, ते बरोबरच. पण कुसुमशी तरी कुठे बोललो? आईच्या मिरजोळ्याच्या घरात आता ती एकटीच. म्हणून हे स्वतःलाच: उद्या सकाळी तिथे जा आणि तिला समोर बसवून सांग, मी आहे.