मदतफेरीतला पहिला ट्रॅक्टर

ग्लेनिस,

"हा रस्ता मला डोळे झाकूनही येतो," असं सकाळी म्हणालो होतो ना? डोळ्यांच्या संशोधनासाठी देणगी जमवणाऱ्या ट्रॅक्टरफेरीत पहिला ट्रॅक्टर माझाच होता. वाट दाखवणारी गाडी समजून मी कचरागाडीच्या पिवळ्या दिव्यामागे गेलो, आणि माझ्यामागे तेवीस ट्रॅक्टर, थेट कचरा डेपोत. मागच्या ट्रॅक्टरवरचा डिलविन म्हणाला, "एम्रिस, देणगी तूच ठेव बाबा, तुलाच लागेल." सगळे हसले.

वर्षभर तुझ्यापासून लपवलं. समोर बघताना मधोमधचं काही दिसत नाही गं. ट्रॅक्टरची किल्ली चहाच्या डब्यात आहे, आता तुझ्याकडेच ठेव. लायसन्स परत पाठवायला कोपऱ्यावरच्या लाल पेटीत टाकलं.

डिलविन म्हणतो, ती टपालाची नाही, कुत्र्यांची घाण टाकायची पेटी आहे. लायसन्स बाहेर काढायला कोळशाचा चिमटा घेऊन गेलोय.