मान वर
शनिवार संध्याकाळ, गोडादरा

त्या चिनी मालिकेत आज सेनापतीने भर दरबारात राजकन्येला विचारलं, "मी हवा की तलवार?" तिचा जीव आहे त्याच्यावर, तरी तिने मान खाली घातली नाही. वहिनी म्हणाली, "एवढी अकड बरी नाही." मोबाइलवर खाली कमेंटमध्येही बहुतेकांचं तेच. आई साडीवर खडे चिकटवत होती. तिचा हात थांबला, गोंद सुकला. म्हणाली, "खाली बघितलं असतं तर तलवार गेली असती."

उद्या मला बघायला नंदुरबारचे पाहुणे येणार. नोकरी सोडशील का, विचारतीलच. मी मान वर ठेवूनच नाही म्हणणार. जमेल? जमवायचंच.

पाहुणे यायचे म्हटलं की आई आदल्या दिवशी बजावते, मान खाली ठेव. आज तिने काही सांगितलं नाही.