कडवं संपलं की येतो

३ जून, सोमवार
टिण, टिण. स्टीलच्या पेल्यावर चमचा वाजवून ही मला बोलवायची. अंथरुणाला खिळल्यावर तिची हाक तेवढीच उरली होती. मी जन्मभर टपाल कचेरीत कारकून, पण पलीकडच्या खोलीत शाळेतल्या कविता घोळवत बसायचो, म्हणून ती थट्टेनं मला मास्तर म्हणे. मी म्हणायचो, हे कडवं संपलं की येतो. एका दुपारी कडवं संपवून गेलो, तर चमचा जमिनीवर पडला होता.

आज सरकारी प्रशिक्षणात दाखल झालो. म्हाताऱ्यांची शुश्रूषा, सहा महिने, फी नाही. शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं, आजोबा, शिकायला आलात की भरती व्हायला? सगळे हसले, मीही. निदान एकाच्या तरी हाकेला वेळेवर पोचावं, एवढंच मनात आहे.

६ जून
सरावाच्या पलंगावर माणसाएवढी रबरी बाहुली आहे. दर दोन तासांनी तिची कूस बदलायची, तक्त्यावर सही करायची. एक उशी पाठीशी, एक गुडघ्यांमध्ये. चादरीला सुरकुती नको. इतकं सोपं होतं हे. तेव्हाच कुणी शिकवलं असतं तर.

११ जून
दुपारची पाळी माझी. खिडकीशी बसलो आणि चौथीतली एक कविता आठवली. तिसरं कडवं काही केल्या सापडेना. शोधता शोधता चार तास गेले. बाई म्हणाल्या, आजोबा, पेशंटला यमक नको असतं, कूस हवी असते. मान खाली घालून बाहुली वळवली. माकडहाडापाशी लाल डाग. बोराएवढा. हिची पाठीची जखमही तिथूनच सुरू झाली होती.

१३ जून
डाग खोल गेलाय. बोट ओलं झालं. वर्गातल्या मुली म्हणतात, कुठे काय, कोरडं तर आहे. पण वास तोच—

१४ जून
तक्त्यावर माझ्या सहीपुढे कुणीतरी लिहिलंय— मास्तर, कूस.
अक्षर तिचं.

१५ जून, दुपार
घरीच आहे. टिण, टिण. आतून नाही— दाराबाहेरून. उठायला हवं. एवढी ओळ लिहून झाली की उठतो—

कडी आपोआप सरकली. दारात ती. दोन वर्षं पाऊल टाकलं नव्हतं तिनं— हातात पेला— पाठीमागून काहीतरी ठिबकतंय—
रागावलेली नाही. रागवायला हवी होती. म्हणते, सावकाश या मास्तर, कडवं होऊ द्या, मी थांब—