युवक वर्षात मी तरुणांना दिलेल्या संधी

१२ जानेवारी १९८५, शनिवार. सकाळी ७.
पेपरात आलं आहे की हे आंतरराष्ट्रीय युवक वर्ष. जगभर तरुणांना पुढे आणायचं ठरलंय. प्रश्न एवढाच की आणणार कोण? दाढी करताना आरशात उत्तर दिसलं.
वय चव्वेचाळीस. ऑफिसात हेडक्लार्क. म्हणजे अनुभव आहे आणि तारुण्यही संपलेलं नाही. असं कॉम्बिनेशन नागपूरच्या आख्ख्या धरमपेठेत दुसरं नसेल.
संकल्प: गल्लीतल्या पोरापोरींना नागरी जीवनात उतरवायचं. संस्थेचं नाव 'तरुण नागरिक मंच'. संस्थापक-अध्यक्ष मी. निवड एकमताने झाली. (वच्छला आंघोळीला गेली होती.)

१३ जानेवारी, रविवार.
पहिली सभा. आमची गच्ची, दुपारी चार. हजर सतरा. चिवड्याचं आधीच जाहीर केलं होतं, त्याचा परिणाम असं वच्छलेचं म्हणणं. बायकोला संघटनशास्त्र कळत नाही.
आमची प्रेमिला अठराची झाली, कॉलेजात आहे. तिला हजेरी कम्पल्सरी. गल्लीतल्याच भैयाजींच्या मागच्या खोलीत भाड्याने राहणारा रुपराव नावाचा मुलगा आला होता. पारशिवनीकडचा, बी.कॉम.ला. मी प्रास्ताविक सुरू करून पाचच मिनिटं झाली होती, त्याने हात वर केला. म्हणाला, "काका, मंच करन काय जी?"
मी म्हटलं, ते घटना तयार झाल्यावर ठरेल.
मुलगा उतावळा आहे. घडवावा लागेल.

२० जानेवारी, रविवार.
घटना पूर्ण. चौतीस कलमं. ऑफिसात सायक्लोस्टाइल करून आणली, पन्नास प्रती. कलम ४: अध्यक्षाला वयोमर्यादा नाही. कलम ५: अध्यक्ष तहहयात. रबरी शिक्का सीताबर्डीवरून करून आणला. मधोमध मशाल आहे. ती वांग्यासारखी दिसते असं प्रेमिला म्हणाली.
आज तरुणांना प्रत्यक्ष संधी दिल्या. सतरंजी समिती, खुर्ची समिती, हार समिती, माईक समिती. मुलींसाठी खास रांगोळी समिती. रुपरावला सतरंजीचा प्रमुख केलं. चेहऱ्यावर आनंद दिसला नाही. खेड्यातली मुलं भावना दाखवत नाहीत.

२६ जानेवारी, शनिवार.
मंचाचा पहिला कार्यक्रम. झेंडावंदन आणि माझं भाषण. विषय: नागरी जीवनात तरुणांना संधी. प्रमुख पाहुणे भैयाजी, रिटायर्ड पोस्टमास्तर, गल्लीतले सर्वात वडीलधारे. पन्नास मिनिटं बोललो. भैयाजी डोळे मिटून तल्लीन झाले होते. शेवटी त्यांना हलवून उठवावं लागलं.
भाषण संपलं तेव्हा समोर सहा जण. सगळे सतरंजी समितीचे. त्यांना सतरंजी घडी करायची होती म्हणून थांबले होते, असं नंतर कळलं. तरी कर्तव्यनिष्ठा म्हणतात ती हीच.
एकाही तरुणाला बोलायला वेळ उरला नाही. पुढच्या वर्षी बघू.

३ फेब्रुवारी, रविवार.
सभा. अजेंड्यावर निबंध स्पर्धा ('माझी स्वच्छ गल्ली'). रुपरावने मधेच निराळाच विषय काढला. म्हणाला, "काका, सकाळी नळाच्या पाण्याले वास येऊन राहिला. गल्लीत कावीळ पसरली. बायजाबाईची नात दवाखान्यात भरती आहे."
बायजाबाई म्हणजे आमच्याकडे भांडी घासते ती. नात सहा वर्षांची, सुभद्रा. वाईट वाटलं. पण प्रत्येक गोष्टीची पद्धत असते. कलम १९ प्रमाणे सभासदाने सचिवाकडे लेखी अर्ज करावा, सचिवाने तो अध्यक्षांपुढे ठेवावा. सचिवपद रिकामं आहे. म्हणून सचिव निवडायला उपसमिती नेमली. तिचा रिपोर्ट महिन्यात येईल.
घरोघर जाऊन आजारी माणसं मोजू, असं पोरं म्हणत होती. मी परवानगी राखून ठेवली.
ता.क. अन्नावर वासना नाही. पायऱ्या चढताना दम लागतो. सार्वजनिक कामाचा ताण. मोठ्या माणसांचं असंच होत असावं.

६ फेब्रुवारी, बुधवार.
शिस्तभंग! परवानगी नसताना पोरांनी सर्व्हे सुरू केला. संध्याकाळी ऑफिसातून येऊन बसलो, तर दारात रुपराव आणि प्रेमिला. हातात वही. स्वतःच्या घरात स्वतःच्या मुलीने कडी वाजवली! आणि वहीत बघून रुपरावदेखत विचारते काय, तर घरात कोणाला मळमळ होते का, आणि लघवीचा रंग कसा आहे.
संस्थापक-अध्यक्षाला हा प्रश्न!
मी सांगितलं, अशी माहिती अध्यक्ष देत नसतात. तेवढ्यात स्वयंपाकघरातून वच्छला ओरडली, "पिवळी जर्द आहे. चार दिवसांपासून जेवले नाहीत. लिहून घे वं!"
प्रेमिलाने लिहून घेतलं. रुपराव माझ्या डोळ्यांत बघून म्हणाला, "काका, डोये हळदीसारखे झाले तुमचे. उद्या डॉक्टरकडे चाला."
मी म्हटलं, जागरणाने झाले असतील. रोज नऊला झोपतो, हे वच्छलेने तिथूनच सांगितलं.

८ फेब्रुवारी, शुक्रवार.
कावीळ. डॉक्टरांनी महिनाभर सुट्टी लिहून दिली. तेल बंद, पाणी उकळलेलं, उसाचा रस, आराम. रुपराव सायकलवर डबलसीट घेऊन गेला होता. वाटेत त्याला नेतृत्वाविषयी चार गोष्टी सांगितल्या. चढ होता, त्यामुळे तो उत्तर देऊ शकला नाही.
सर्व्हेच्या वहीत माझा नंबर तेवीस. पहिला नंबर सुभद्राचा. तिला सलाईन लावलंय.
जनतेचं दुःख नेत्याने असं अंगावर घेतल्याची उदाहरणं कमी असतील. प्रेमिलाला वहीत तशी नोंद घ्यायला सांगितलं. त्या रकान्यात फक्त लघवीचा रंग लिहितात म्हणाली.

१४ फेब्रुवारी, गुरुवार.
पडून आहे. पोरं खाली ओसरीवर जमतात, बोलणं वर ऐकू येतं. उकळलेलं पाणी प्यायला घरोघर सांगत फिरतात. ज्यांच्याकडे रॉकेल नाही, त्यांना दुसऱ्याच्या चुलीवरून उकळलेल्या पाण्याचा हंडा भरून नेऊन देतात. यात कुठल्याच समितीचा ठराव नाही.
आज प्रेमिलाने गल्लीचा नकाशा आणून दाखवला. जिथे कावीळ, त्या घरावर लाल ठिपका. सगळे ठिपके नालीच्या अलीकडच्या रांगेत, आमच्या बाजूला. पलीकडे एकही नाही. म्हणाली, "बाबा, नळाची पाइप नालीतूनच येते आणि तिथेच फुटली असेल." बुद्धी माझ्यावर गेली आहे.
नकाशा उलटून पाहिला. मागे कलम २२ ते ३४. कागद एका बाजूने कोराच होता, असं म्हणाली.

१८ फेब्रुवारी, सोमवार.
पोरं पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात आतापर्यंत तीनदा जाऊन आली. पहिल्यांदा साहेब दौऱ्यावर. दुसऱ्यांदा साहेब जेवायला. तिसऱ्यांदा ओव्हरसियर भेटला, त्याने विचारलं, तुम्ही कोण? रुपराव म्हणाला, "तिथं राहनारे." झालं! अशाने काम होतं का? मंचाचं नाव नाही, लेटरहेड नाही, शिक्का नाही.
मी पडल्या पडल्या पत्र लिहून दिलं. चार पानं. आधी नागपूर शहराचा इतिहास, मग युवक वर्षाचं महत्त्व, मग मंचाची उद्दिष्टं. पाणी हा शब्द तिसऱ्या पानावर येतो. योग्य ठिकाणीच येतो.
रुपरावने वाचलं, नमस्कार केला, घडी करून खिशात ठेवलं. आणि प्रेमिलाने वहीच्या पानावर सात ओळी लिहिल्या, त्याच घेऊन गेले. जाताना बायजाबाईला सोबत नेलं. तिला कशाला, ते मला कळलं नाही. तिला सही येत नाही.

१९ फेब्रुवारी, मंगळवार.
काल जे झालं ते प्रेमिलाकडून कळलं. ओव्हरसियरने सात ओळी वाचल्या आणि म्हणाला, आमचं पाणी स्वच्छ आहे, तुम्हीच भांडी नीट घासत नसाल. त्यावर बायजाबाईने पिशवीतून बाटली काढली. सकाळी आमच्याच नळावर भरलेली. टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "मी तीस वर्सं भांडे घासून राहिली, साहेब. माई नात पंधरा दिसापासून पडली आहे. तुमचं पानी चांगलं आहे ना? एक घोट पिऊन दाखवा जी."
ऑफिसातले सगळे टेबल सोडून बघायला आले. ओव्हरसियरने बाटलीचं बूच उघडलं, वास घेतला, पुन्हा लावलं.
आज सकाळी दहा वाजता ओव्हरसियर चार मजूर घेऊन गल्लीत हजर.
माझ्या पत्रात हा सगळा भाग अधिक सभ्य भाषेत होता.

२० फेब्रुवारी, बुधवार.
खोदलं. नालीच्या खाली पाइपाचा जॉइंट कुजलेला. त्याला कोणीतरी कधीकाळी फडकं गुंडाळून सुतळी बांधली होती. खिडकीतून पाहिलं. गल्ली जमली होती. बायजाबाई काठावर बसून ते फडकं बघत होती. बराच वेळ बघत होती.
नवी पाइपलाइन नालीपासून दूर टाकणार. तोवर टँकर येईल.
मंचाचं पहिलं यश! प्रसिद्धीपत्रक लिहायला घेतलं.

२४ फेब्रुवारी, रविवार.
सभा पोरांनी बोलावली. कलम ११ प्रमाणे सभा फक्त अध्यक्ष बोलावू शकतात. तरी मोठ्या मनाने गेलो. खुर्ची समिती बरखास्त झाल्यामुळे खुर्ची स्वतः वर न्यावी लागली.
रुपरावने ठराव मांडला की मंचात तीसच्या आतले लोकच पदावर असावेत. मी उठून तारुण्य ही मनाची अवस्था आहे यावर बोललो. वीस मिनिटांनी धाप लागली, म्हणून मतदान घ्या म्हटलं. लोकशाहीवर माझा विश्वास आहे आणि पोरांच्या मनातलं मी ओळखतो.
ठरावाच्या बाजूने सोळा. विरोधात एक.
प्रेमिलाचा हात वर होता. माझ्या शेजारी बसून. घरी येऊन विचारलं, तर म्हणाली, "बाबा, तुम्ही आजारी आहात. आणि तुम्ही बरे असतानाही मी हात वर केला असता." मग माझ्यासाठी उसाचा रस आणायला गेली.
नवा अध्यक्ष कोण, विचारलं. कोणीच नाही म्हणे. कामं वाटून घेतली. अध्यक्षाशिवाय संस्था! आठ दिवस टिकणार नाही. लिहून ठेवतो आहे.

४ मार्च, सोमवार.
आठ दिवस झाले. टिकली आहे.
टँकरची रांग प्रेमिला लावते. ऑफिसातल्या माझ्या सेक्शनला रांग कधी अशी लावता आली नाही, पण तिथे माणसं शिकलेली आहेत.
सुभद्रा काल घरी आली. बायजाबाई आज कामावर आली तेव्हा गात होती. वच्छलेने तिला बसवून चहा दिला.
नवी पाइपलाइन या आठवड्यात जोडणार, म्हणजे उद्घाटन होणार. वक्ता म्हणून कोणाचं नाव येणार हे उघड आहे. भाषण तयार ठेवलं. या वेळी पस्तीसच मिनिटांचं.

६ मार्च, बुधवार. संध्याकाळी.
रुपराव आला. मी वच्छलेला धोतर-कोट काढून ठेवायला सांगणारच होतो. म्हणाला, उद्घाटन-बिद्घाटन काही नाही. पाइप जोडली की मजूर माती लोटून जातील. पण उद्यापर्यंत खड्डा उघडा आहे, लेकरं शाळेत त्याच वाटेनं जातात, आणि आम्हा सगळ्यांची उद्या कॉलेजात टेस्ट आहे.
मग जरा थांबून म्हणाला, "काका, तुम्ही सुट्टीवर आहा ना जी? नऊ ते पाच खड्ड्यापाशी बसान काय?"
विचार करून सांगतो म्हटलं. पदनाम काय राहील, विचारलं. त्याने डोकं खाजवलं. शेवटी 'स्थळ निरीक्षक' हे मीच सुचवलं. त्याची हरकत नव्हती.

७ मार्च, गुरुवार. संध्याकाळी ६.
नऊ वाजता खुर्ची टाकली. निंबाची सावली होती. खिशात भाषण.
शाळेची पोरं धावत आली. ओरडलो. थांबली. इतक्या वर्षांत माझ्या सांगण्यावरून थांबलेली ही पहिलीच माणसं. एकेकाचा हात धरून खड्ड्यावर टाकलेल्या फळीवरून पलीकडे नेलं. परत येताना पुन्हा. सुभद्रा पण आली. शाळा नाही, नुसती बघायला आली होती. हात काडीएवढा. फळीवर माझं बोट घट्ट धरलं होतं. पलीकडे गेल्यावर म्हणाली, पुन्हा न्या. सहा वेळा नेलं.
एक गृहस्थ थांबून विचारू लागले, काय काम चाललंय? भाषण काढून उघडलं. डोकं वर केलं तर गृहस्थ चौकात पोचले होते.
दुपारी एक शेळी, दोन सायकलवाले आणि भैयाजी यांना वाचवलं. भैयाजींनी आभार मानले नाहीत. तुम्ही मधे आला नसता तरी मी थांबणारच होतो, म्हणाले.
पाच वाजता रुपराव टेस्ट देऊन आला. वही उघडून विचारलं, "कोणी पडलं?"
मी म्हटलं, नाही.
त्याने लिहिलं: कोणी पडलं नाही. वही बंद केली.
मी म्हटलं, खाली माझं नाव टाकायचं राहिलं.
रुपरावला खरंच कळलं नाही. म्हणाला, "नाव काहून जी काका? कोणी पडलं असतं त लिहावं लागलं असतं."
पाइप अजून जोडायची आहे. उद्या पुन्हा नऊला बोलावलंय. घरून छत्री न्यावी लागेल, दुपारी सावली सरकते.