अर्धा निरोप

धुळे,
रविवार

प्रिय साक्षी,

तुझ्या प्रश्नाचं उत्तर फोनवर देता आलं असतं. पण फोनवर तू मला मध्येच तोडतेस, आणि जन्मभर शाळेत संस्कृत शिकवलेल्या माणसाला ते मानवत नाही. पत्राचं बरं असतं, मुकाट्याने वाचावं लागतं. बंगळूरला अजून टपाल पोचतं का, अशी तुझ्या मामीला शंका आहे. मला नाही.

तुझ्या त्या मायक्रोआरएनएला तू माझ्याकडे आपल्या भाषेतला शब्द मागितला होतास. मी घडवलेला दीड ओळीचा समास ऐकून तू इतकी हसलीस, की तो मी सन्मानाने मागे घेतला आहे. पण तू समजावलंस ते डोक्यात राहिलं. पेशीत निरोप निघतात आणि त्यांच्याबरहुकूम प्रथिनं तयार होतात. हा एवढासा धागा स्वतः काहीच तयार करत नाही, फक्त ठरावीक निरोप गाठून अडवतो. मेंदू घडत असताना मूळ पेशींना नुसतं एकीच्या दोन, दोघींच्या चार होत राहायचं असतं. ‘वाढत राहा’ हा निरोप धाग्याने दाबला, की त्यातली एखादी थांबते, तिला फांद्या फुटतात आणि ती चेतापेशी होते. आमच्या मीमांसेतही विधिवाक्यांच्या जोडीला निषेधवाक्यं असतात. ‘करू नको’ हे ‘कर’इतकंच कामाचं असतं, असं मी वर्गात सांगत आलो आणि मुलं जांभया देत आली. तू त्यावर पीएच.डी. केलीस. कुणीतरी ऐकत होतं म्हणायचं.

परवा चोपड्याला तुमच्याकडे जाऊन आलो. तुझे आबा, म्हणजे आमचे झुलालदाजी, केळीच्या बागेत पिलं कापत होते. बुंध्याशी कोंब फुटत राहतात आणि ते विळ्याने काढत राहावे लागतात, नाहीतर सगळा जोर त्यांच्यात जातो आणि मुख्य झाडाचा घड भरत नाही, हे तुला मी काय सांगायचं. पण मला तुझा धागा खरा कळला तो तिथे. आणि तू आठवलीस. पहिली-दुसरीत असशील. पिलं कापतात म्हणून रडायचीस, आणि एकदा एक पील वाळक्या पानांखाली लपवलंस. असं बेमालूम लपवलंस, की साऱ्या बागेत तेवढाच एक ढीग गुडघ्याएवढा दिसत होता. दाजींनी तो पाहिला आणि विळा पुढच्या झाडाकडे नेला. तुझ्या पिलाच्या झाडाचा घड हलका उतरला. जळगावच्या व्यापाऱ्याने तो बाजूला फेकला, तेव्हा दाजी एवढंच म्हणाले, “राहू द्या, ते झाड मन्ही पोरनं शे.” घरी पिकवलेली ती बोटाएवढी केळी आम्ही सगळ्यांनी खाल्ली. तू वाढत होतीस, आणि ‘गोड आहेत ना?’ हे विचारणं थांबत नव्हतं. नव्हती गोड. आज सांगायला हरकत नाही.

यंदा दाजी दोन ओळी कापून बांधावर बसले. घाबरू नकोस, गुडघा आहे. डॉक्टरांनी त्याला वय हे नाव दिलं आहे. दीपमालाताईने, तुझ्या आईने, कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायला घेतली होती. त्या धुराच्या वासात तुझा विषय निघाला नाही असं कधी होत नाही.

तर, नव्या प्रकल्पाला होकार देऊ का, आबा काय म्हणतात, असं तू विचारलं होतंस. तुझ्याशी ते फोनवर फक्त केळीच्या भावाबद्दल बोलतात, म्हणून निरोप माझ्याकडे आला. “तिले सांग, आते कायमनी घर ये. बठ्ठं तिनंच शे.” सगळं तुझंच आहे म्हणे, आणि मी हो म्हणालो. पण तूच म्हणाली होतीस ना, की तो धागा निरोप क्वचितच पुरता पुसतो, बहुतेक वेळा त्याचा आवाज बारीक करतो. मीही तेवढंच करतो आहे. यातलं ‘कायमची’ मी धुळ्यातच अडवलं आहे. दाजींना तसं तोंडावर सांगेन, त्यांचा राग माझ्या ओळखीचा आहे. तू होकार कळवून टाक. आणि उरलेला निरोप पाळ, चार दिवस ये. कारण निघताना मी पाहिलं, विहिरीजवळच्या एका झाडाशी वाळक्या पानांचा ढीग होता, गुडघ्याएवढा. मी पायाने पानं सारली, तर खाली हिरवंगार पील. दाजींकडे पाहिलं, तर ते दुसरीकडे पाहत म्हणाले, चुकून राहिलं. एवढी बाग स्वच्छ कापणारा माणूस, साक्षी. पानं परत होती तशी लोटून मी बस गाठली. ते कापायचं की राखायचं, ते तू येऊन ठरव.

तुझाच, अर्ध्या निरोपाचा धनी,
कौतिकमामा