माशा फक्त ताईला मानतात

स्टॉलवरून,
दि. ६ फेब्रुवारी

चि. बुटक्या यास,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तू आता दारात वाकून शिरतोस हे मला ठाऊक आहे, पण पाकिटावर दुसरं काही लिहायला हात धजत नाही. पत्र स्टॉलवर बसूनच लिहिते आहे. मध्येच गिऱ्हाईक आलं तर अक्षर बदलेल, ते चालवून घे.

इथे सगळं ठीक. बाबांची कंबर थंडीत जास्त धरते, तरी सकाळी खुर्ची उचलून रस्त्याकडे तोंड करून ठेवावीच लागते. कुठली गाडी थांबणार आणि कुठली नुसतीच हळू होणार, हे ते लांबूनच ओळखतात. पपया यंदा बऱ्या आल्या. प्रत्येक पपई नाकाशी धरून शेवटी दोन लिंबं नेणाऱ्या बाई अजून येतात. मधाची बाटली उलटी करून आतला बुडबुडा बघणारे आणि शुद्ध आहे ना असं चारदा विचारणारेही येतात. मी चारदा हो म्हणते. पूर्वी गिऱ्हाइकांना कुठे निघालात असं विचारायची. हल्ली विचारत नाही. सगळे कुठेतरी जाता जाता थांबलेले असतात आणि मी तेवढी इथेच असते, त्याचा त्रास होतो.

आता मुद्द्याचं. मधमाश्या पाळायला शिकवणारी एक शाळा आहे. तिथे शिकवायला माणूस हवं आहे. मी अर्ज केला होता आणि मुलाखतीला बोलावणं आलं आहे. राहायला खोली देतात. जेवताना घरात सांगितलं तर आई वाढता वाढता थांबली. बाबा एवढंच म्हणाले की जा की, पण सात पेट्यांचं काय करायचं ते सांगून जा. माशा फक्त ताईला मानतात, हे त्यांनी पुन्हा एकदा मला ऐकवलं, जसं काही मला ते नव्याने कळत होतं.

बाबा झाडावरून पडले तेव्हा मी एका हंगामापुरती थांबते म्हटलं होतं. त्याला अकरा वर्षं झाली. तुझ्या त्या फजितीनंतर आईने प्रयत्न केला तर माशांनी तिला स्वयंपाकघरापर्यंत पळवलं. तेव्हापासून कोणी पेटीला हात लावला नाही. तू पुन्हा एकदा बघशील का? मी निवडले गेले तर शनिवार-रविवार तरी तुला यावं लागेल. विचार करून लिही.

लोभ तुझ्याकडे शिल्लक असेल तेवढा सगळा पाठव.
तुझी ताई

&nbsp;

चौथा मजला,
दि. १४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. मुलाखतीचं वाचून फार आनंद झाला. तू शिकवायला लागलीस तर त्या मुलांचं काही खरं नाही. मला पाढे शिकवताना तू फुटपट्टी कशी वापरायचीस ते मी विसरलेलो नाही.

मी इथे मजेत. दिवसभर इमारतींचे नकाशे काढतो, म्हणजे खरं तर इमारतींमधल्या संडासांचे. दर्शनी भाग मोठे साहेब काढतात. खिडकीतून समोरच्या इमारतीची खिडकी दिसते आणि तिथला माणूसही बहुतेक असंच काहीतरी काढत बसलेला असतो.

पेट्यांचं म्हणशील तर माझी काय तयारी नाही असं नाही. पण त्रेचाळीस डंख विसरायचे म्हटले तरी विसरता येत नाहीत. पंधरा दिवस माझं तोंड तुमच्या भोपळ्यांच्या शेजारी ठेवलं असतं तर लोकांनी भाव विचारला असता. माशांनी एकदा माणूस नाकारला की नाकारला, हे बाबांचंच वाक्य आहे. मी मध्ये पडून पेट्या बिघडल्या तर तो दोष तुझ्या डोक्यावर येईल. त्यापेक्षा मुलाखत होऊ दे, मग बघू. निवड कुठे लगेच होते.

ऑफिसातल्या मंडळींना मध फार आवडला. येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर तीन बाटल्या पाठवशील का? पेरू पाठवलेस तर तक्रार करणार नाही.

रागावू नकोस. रागावलीस तरी लिहीत जा.
तुझा,
बुटक्या

&nbsp;

स्टॉलवरून,
दि. २ मार्च

चि. बुटक्या यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

माझी निवड झाली. एक तारखेला हजर व्हायचं आहे आणि होकार-नकार पंचवीसच्या आत त्यांच्या हातात पडला पाहिजे. हे पत्र मी दोनदा लिहून फाडलं, म्हणून आता सरळ लिहिते. नीट वाच.

मुलाखतीला तिघं होते. मधल्या बाई वयस्कर, मोठ्या चष्म्याच्या. त्यांनी विचारलं की पेटी उघडण्याआधी काय काय टाळायचं. मी म्हटलं अत्तर, वासाचं तेल, घाम, घाई. त्या म्हणाल्या आणखी? मी म्हटलं काळे कपडे. मग त्या म्हणाल्या, केळं. माशी चिडून डंख मारते तेव्हा इतर माशांना धोका कळावा म्हणून एक वास सोडते. तो जवळजवळ पिकल्या केळ्यासारखा असतो. केळं खाऊन पेटीवर वाकलं की माशांना वाटतं कोणीतरी धोक्याची हाक दिली, आणि त्या तुटून पडतात. त्यांच्या शाळेत ही पहिल्या दिवशीची गोष्ट आहे. मी हसले आणि मग हसता हसता थांबले.

आपल्या घरचा नाश्ता आठव. डाग पडलेली केळी विकता येत नाहीत आणि टाकवत नाहीत, म्हणून सकाळी सगळ्यांच्या पुढ्यात तीच. आईची दोन, तुझी तर चार. बाबा पेट्या उघडायचे ते भल्या पहाटे, उपाशीपोटी. आणि मला लहानपणापासून केळ्याची शिसारी. मी चहा-पाव खाऊन जायची. अकरा वर्षं आपण सगळे म्हणतो आहोत की माशा फक्त ताईला मानतात.

खरं सांगू, आनंद नंतर झाला. आधी अपमान वाटला. या स्टॉलवर मला दुसरं काही नव्हतं रे. बरोबरीच्या मैत्रिणी कुठे कुठे गेल्या, मला निदान माशांनी निवडलं आहे असं मी मनाशी म्हणायची. तेवढ्यावर काढले मी दिवस.

घरात अजून बोलले नाही. मी एकटीने सांगितलं तर बाबा म्हणतील की हिला जायचं आहे म्हणून शोध लावला. तुला आठवत असेल तर तूच बाबांना लिही, की त्या दिवशी तू काय खाऊन पेटीपाशी गेला होतास. वीस तारखेच्या आत पत्र येऊ दे. एवढंच मागते आहे. तू परत यावंस असंही म्हणत नाही.

बाटल्या तीन पाठवल्या आहेत, पेरूही.
वाट पाहणारी,
ताई

&nbsp;

स्टॉलवरून,
दि. १७ मार्च

चि. बुटक्या यास,
आशीर्वाद.

तुझं पत्र नाही. आजारी असतास तर शेजाऱ्यांनी कळवलं असतं, म्हणजे तू बरा आहेस.

काल मी धीर करून विषय काढला होता. बाबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले की केळ्याच्या वासाने माशा चिडत असत्या तर आपल्या स्टॉलवर एक गिऱ्हाईक टिकलं नसतं. आईने रात्रीची भांडी माझ्या हातातून ओढून घेतली. पुढे बोलायचं बळ माझ्यात उरलं नाही. नकाराचं पत्र लिहून ठेवलं आहे. पोस्टमन शुक्रवारी येतो, तेव्हा त्याच्याकडे देईन.

पेरू काढून ठेवलेले आहेत, कोणी तिकडे येणारं असलं की पाठवते.
ताई

&nbsp;

चौथा मजला,
दि. १८ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं दोन तारखेचं पत्र सोळा दिवस माझ्या खणात, पट्ट्या आणि पेन्सिलींच्या खाली पडून आहे. उत्तर काय द्यायचं हे मला पहिल्याच दिवशी माहीत होतं. द्यायची हिंमत नव्हती.

चार केळी खाल्ली होती. पाचवं अर्धं हातात होतं, ते पेटीच्या काढून ठेवलेल्या झाकणावर ठेवून मी पोळ्याची चौकट उचलली. हे मला तेव्हाही आठवत होतं आणि आजही आठवतं. पण तेव्हा त्याचा अर्थ ठाऊक नव्हता, हे मी शपथेवर सांगतो.

अर्थ चार वर्षांपूर्वी कळला. दाढीच्या दुकानात नंबर लागायची वाट बघत जुनं मासिक चाळत होतो. त्यात माशांवर लेख होता आणि त्यात केळ्याचं हे सगळं लिहिलेलं होतं. मी तो लेख दोनदा वाचला. त्या दिवशी घरी पत्र लिहायला बसलो आणि सगळं लिहिलं, हवापाण्याचंही लिहिलं, एवढं सोडून. कारण हे कळलं असतं तर पुढचा प्रश्न मला विचारला गेला असता. माशा मला नाकारतात तोवर मी इथे सुखात होतो. तू तिथे अडकलेली आहेस हे मला दिसत होतं, ताई. तुझ्या प्रत्येक पत्रात दिसत होतं. मी त्यावर विनोद करत राहिलो.

याच पाकिटात बाबांसाठी वेगळा कागद घातला आहे. केळी किती आणि कुठे ठेवली, सगळं लिहिलं आहे. अर्धं केळं झाकणावर होतं हे त्यांना आठवेल, कारण मी पळालो तेव्हा त्यांनी आईला ते उचलायला सांगितलं होतं. आईने ते टाकलं नाही, खाल्लं, हेही मला आठवतं.

तू होकार दे. शनिवार-रविवार मी येईन. शिकव म्हणायला तोंड नाही, तरी म्हणतो.

माया कर असं या वेळी लिहिणार नाही.
बुटक्या

&nbsp;

घरातून,
दि. २५ मार्च

चि. बुटक्या यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

शुक्रवारी पोस्टमन आला. मी त्याच्याकडे नकाराचं पत्र दिलं आणि त्याने तुझं मला दिलं. तो नेहमीसारखा लिंबं निवडत बसला, त्याला पातळ सालीची लागतात. तेवढ्या वेळात मी तुझं पत्र उभ्याउभ्या वाचलं. मग त्याच्याकडे माझं पत्र परत मागितलं. तो म्हणाला की पिशवीत गेलेलं पत्र परत देता येत नाही, तसा नियम आहे. मी पिशवीच धरून ठेवली. तुझी ताई भर रस्त्यात पोस्टमनशी झोंबत होती आणि दोन गाड्या थांबून बघत होत्या. शेवटी बाबांनी खुर्चीवरून आवाज दिला की काय चाललं आहे. मी तुझा कागद त्यांच्या हातात ठेवला. ते वाचत असताना पोस्टमनने हळूच माझं पत्र काढून लिंबांच्या टोपलीत ठेवलं आणि पत्र पडलेलं दिसतंय म्हणाला. होकाराचं पत्र मी त्याच्यासमोरच लिहून दिलं.

बाबांनी कागद दोनदा वाचला. मग म्हणाले, झाकणावर अर्धं केळं होतं खरं. 

आईने दोन दिवस केळं तोंडात घातलं नाही. तिसऱ्या दिवशी हात चोळून धुतले, माझी जाळीची टोपी घातली आणि पहिली पेटी उघडायला निघाली. मी मागे धुराचं भांडं घेऊन उभी होते, पण लागलं नाही. तिने चौकट उचलली. एक माशी तिच्या मनगटावर बसली, चालली, उडून गेली. आई चौकट धरून रडायला लागली. मला वाटलं डंख बसला. ती म्हणाली की पोरीला उगाच डांबून ठेवलं आपण. बाबा खुर्चीवरून ऐकत होते. त्यांनी केळ्यांचे घड स्टॉलच्या दुसऱ्या टोकाला हलवायला सांगितले.

तुझ्याबद्दल. अकरापैकी सात वर्षांसाठी मी कोणाला दोष देत नाही, ती आपल्या सगळ्यांची चूक होती. चार वर्षं मात्र तुझी आहेत आणि ती मी विसरेन असं म्हणवत नाही. तुझे विनोद वाचून मी या स्टॉलवर एकटी हसायची, त्याचंच आता जास्त लागतं. पण तू लिहिलंस. न लिहिता राहिला असतास तर मला कधीच कळलं नसतं, हेही मी धरते.

हे पत्र तिकडे निघालेल्या गिऱ्हाइकाबरोबर पाठवते आहे, म्हणजे उद्या मिळेल. या शनिवारी ये. शुक्रवारपासून केळं बंद. आई पेट्या उघडेल, पण भरलेल्या चौकटी तिला उचलवत नाहीत, त्या तुझ्याकडे. मी रविवारी दुपारच्या गाडीने निघते. ट्रंक भरून झाली आहे. तिच्यात फार काही नाही, याचं मलाच नवल वाटलं.

काल बाबांनी विचारलं की तिथल्या माशा तुला मानतील का. अकरा वर्षांत त्यांनी मला काही विचारलं असेल तर हे पहिलंच. मी म्हटलं मानतील, मी केळं खात नाही ना.

लोभ आहे. तो कमी करायचा पुष्कळ प्रयत्न केला, जमला नाही.
तुझी,
ताई